बदाबाईचा उन्हाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ होरपळते दिवस, लागला की नागपुरात कोणी कोणाला ‘कसं चाललंय’ असं विचारत नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की गरम हवा आत जाते. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडतात, कुत्री नळाखालच्या ओल्या मातीत अंग पसरतात आणि शहाणी माणसं दारं-खिडक्या लावून अंधार करून बसतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, या शहरात कोणी गेलंबिलं की काय. तसं काही नसतं. आम्ही फक्त कूलरसमोर बसलेलो असतो.

यंदाच्या नवतप्यात माझी नात ओवी माझ्याकडे होती. तिची आई, म्हणजे माझी लेक, मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. ती तिथल्या एसीत बसून मला फोन करते, ‘आई, ओवीला उन्हात जाऊ देऊ नकोस हं.’ जशी काही मी नातीला सांडग्यांसारखं गच्चीवर वाळत घालणार होते. ओवी उन्हात जातच नाही. ती आईच्या जुन्या फोनमध्ये असते. तिथे तिने मनी नावाची एक मांजरी पाळली आहे. मनीला वेळेवर दूध द्यावं लागतं, आंघोळ घालावी लागते, झोपवावं लागतं, आणि विसरलं की ती तोंड पाडून बसते. परवा भर दुपारी आमच्या प्रताप नगरातली वीज गेली, कूलर थांबला आणि थोड्या वेळाने ओवीने किंकाळी फोडली. फोन फार तापल्याची काहीतरी सूचना आली होती आणि पडदा काळा पडला होता. ‘आजी, माझी मनी मेली!’

मी काही बोलायच्या आत माझे बाबा उठले. बाबांनी ऐंशी कधीच ओलांडली. हल्ली ऐकू कमी येतं, चालताना भिंत धरावी लागते आणि चहा मिळाल्याशिवाय ते सहसा खुर्ची सोडत नाहीत. त्यांनी ओवीच्या हातून फोन घेतला, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले, माठाला लागून घडी केलेलं फडकं ठेवलं आणि त्यावर फोन निजवला. मग टोपलीतून एक कांदा काढून त्याच्या उशाशी ठेवला. परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, “ऊन लागलं तिले. होते बरी.”

ओवी माझ्याकडे बघायला लागली, पणजोबांचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेनं. मला हसू आवरेना. आणि हसता हसता मी उठून उगाच माठातलं पाणी प्यायले.

माझ्या जावयाला या पाळीव खेळांचा सगळा इतिहास पाठ आहे. लहानपणी त्याच्याकडे तसलं एक खेळणं होतं. जपानातून आलेलं अंड्याच्या आकाराचं, किल्लीच्या साखळीला अडकवायचं. आत एक चिमुकला जीव. तो भूक लागली की पीं पीं करायचा, घाण करायचा, आजारी पडायचा आणि दुर्लक्ष झालं तर चक्क मरायचा. पोरं ते शाळेत नेत, मास्तर जप्त करत, मग आया बिचाऱ्या कामधंदा सोडून त्याला भरवत. पुढे त्या खेळाच्या पिढ्या आल्या, रंग आले, लग्नं आली, लेकरं आली, आणि आता सगळं फोनमध्ये आलं. जावई हे सांगतो तेव्हा त्याचा चेहरा शाहिरासारखा फुलतो. मी ऐकून घेते. जावयाचं मन कशाला मोडा? पण मनात म्हणते, बाबा रे, तुझ्या इतिहासाचं पहिलं पान गहाळ आहे. ते जपानात नाही, इथेच जरीपटक्याच्या बाजारामागच्या एका कवेलूच्या, कौलारू घरात सापडेल. ते अंडं निघायच्या कितीतरी आधी आमच्या घरात एक काचेतली बदकीण जेवत होती, झोपत होती आणि ऊन लागून आजारीसुद्धा पडत होती. ऐंशीच्या दशकातले सुरुवातीचे दिवस होते. मी सहावीत होते.

त्या घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि आबाजी. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. सारा जन्म मिलमध्ये मागावर गेलेला, त्या खडखडाटात कान अधू झालेले. पण कान अधू झाले असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. आजकालचे लोकच हळू बोलतात, असं त्यांचं ठाम मत होतं. बाबा कचेरीत कारकून. इतके सौम्य की साहेबासमोर शिंकसुद्धा गिळून टाकत. बापलेकाचं एकमेकांवर प्रेम होतं, पण ते दोघांनीही एकमेकांना कळू दिलेलं नव्हतं.

त्या वर्षी बाबांनी घरात कूलर आणला. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. तो सायकलरिक्षातून आला तेव्हा नवरी आल्यासारखी गल्ली गोळा झाली. आता कूलर खिडकीत बसतो आणि आमच्या घराला खिडकी एकच. त्या खिडकीखाली आबाजींची बाज असे. आबाजी सकाळी विहारात गेले होते, तेवढ्यात बाबांनी बाज उचलून समोरच्या भिंतीला लावली आणि खिडकीत कूलर बसवला. वडिलांना गार हवेत आणून सोडायचं आणि चकित करायचं, असा त्यांचा भाबडा बेत होता. आबाजी परत आले. कूलर घूं घूं करत होता. त्यांनी कूलरकडे पाहिलंच नाही.

“माही बाज कोणं हालवली?” त्यांनी विचारलं.

“मी हालवली,” बाबा म्हणाले.

“मले विचारलं?”

बाबा गप्प. आणि आबाजीही त्या क्षणापासून गप्प. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. भांडण झालं असतं तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. आमच्याकडे अबोला झाला, आणि तो त्या कूलरसारखा दिवसरात्र चालू राहिला.

दोघांमधला टपालखात्याचा कारभार माझ्याकडे आला. समोरासमोर बसलेले असत, मध्ये मी.

“बेबी, तुह्या बापाले सांग, का त्याच्या डब्याच्या आवाजानं मले झोप नाही येत.”

“बेबी, आबाजीले सांग, का त्यायले आवाज ऐकू येते हे ऐकून आनंद झाला.”

हा दुसरा निरोप मी पोचवत नसे. सहावीत असले तरी तेवढी अक्कल मला होती.

मग एके दिवशी आबाजींनी बाजेखालची पत्र्याची ट्रंक ओढून काढली, फडक्याने पुसली आणि धोतरं, बंड्या, चष्म्याचं घर असं एकेक त्यात ठेवायला सुरुवात केली. “ऊन उतरलं का मी काटोलले जातो, लहान्याकडं. आता लू चालून राहिली म्हणून थांबलो. नाही तं आजच गेलो असतो.” लहाना म्हणजे माझा काका. त्याच्याकडे मळा होता, संत्री होती, आणि मुख्य म्हणजे कूलर नव्हता. आई पदराला हात पुसत उभी राहिली. बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं.

मला आबाजी हवे होते. दुसरं काही मला तेव्हा कळत नव्हतं. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकल्या की त्यांच्या शेजारची जागा माझी असे. मी कितीही हळू बोलले तरी त्यांना माझं मात्र ऐकू येई. म्हणून त्या वर्षी साऱ्या नागपुरात मी अशी एकटीच पोरगी होते, जी सकाळी उठून ओट्यावर यायची, आभाळात ढग नाही ना ते बघायची, आणि ऊन चढायला लागलं की सुटकेचा श्वास सोडायची. लोक उन्हाला शिव्या घालत, आणि मी मनातल्या मनात म्हणे, अजून थोडं राहा रे बाबा.

अशात मामा आला. आईचा धाकटा भाऊ. दुबईत वेल्डिंगच्या कामाला होता, नात्यातल्या लग्नाला सुटीवर आलेला. आईला साडी, बाबांना टॉर्च, आणि जायच्या दिवशी, रिक्षा दारात उभी असताना, त्याने खिशातून काढून माझ्या हातावर एक वस्तू ठेवली. पत्त्यांच्या जोडापेक्षा जराशी मोठी, चपटी, दोन बाजूंना दोन बटणं आणि मधे राखाडी काच. काचेत एक काळी बदकीण. तिच्या मागून पिल्लं तुरुतुरु येतात, वरून डावीकडून नाही तर उजवीकडून एक मांजर डोकावतं. वेळेवर बटण दाबून बदकिणीचा पंख त्या बाजूला आणला तर पिल्लू वाचतं, नाही तर मांजर ते उचलतं. कोपऱ्यात घड्याळ. “हे कसं चालते?” आईने विचारलं. “बटनं दाबत राय, समजन,” असं सांगून मामा रिक्षात बसला. माहितीचं पुस्तक मिळालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खेळ थांबवला तरी ती बदकीण थांबत नसे. घड्याळाच्या सेकंदाबरोबर ती आपली इकडून तिकडे, तिकडून इकडे. हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती काचेकडे बघत उभी होती. “अवं बेबी, हे रातभर चालूनच राहिली काय? बसली नाही का बिचारी?” त्या दिवसापासून रोज निजानीज झाली की आई त्या खेळावर रुमाल टाकू लागली, थोडी झोप मिळावी म्हणून. बदाबाई हे नावही तिनेच ठेवलं. बायकांच्या कष्टाबद्दल आईला विशेष जिव्हाळा होता.

आबाजींनी आधी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. परदेशातलं, बटणांचं, म्हणजे कूलरचंच भावंड. पण एक दिवस मी त्यांच्या बाजेवर बसून खेळत होते. एक पिल्लू गेलं. मी हसले. त्यांनी मान पुढे काढून पाहिलं.

“काय झालं?”

“मांजरीनं पिल्लू नेलं, आबाजी.”

“अन तू हासून राहिली?” आबाजी उठून बसले. “जीव जाते त्याचा, अन तू हासतं? पंचशील म्हणतं ना रोज विहारात? कोणासाठी म्हणतं, भिंतीसाठी?”

“आबाजी, ते खरं नाही.”

“पिल्लाले कुठं मालूम हाय, का ते खरं नाही म्हणून? आण इकडं.”

मी दिलं. मागावर धागे जोडण्यात मुरलेले ते अंगठे बटणांवर ठेवून आबाजी बसले ते जेवायला हाक येईपर्यंत. पहिल्या दिवशी बरीच पिल्लं गेली. प्रत्येक पिल्लाला आबाजी ‘अरे अरे अरे’ म्हणत. हळूहळू मांजर उपाशी राहायला लागलं. मग आबाजींना मांजराचंही वाईट वाटायला लागलं आणि आईने (सासऱ्यांना ती मामाजी म्हणे) समजूत घातली की मामाजी, ते दुसऱ्याच्या घरी जेवत असन.

आता मुख्य गोष्ट. रोज दुपारी अडीच वाजता बदाबाई आपोआप ओरडायची. टिट्-टिट्, टिट्-टिट्. काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी घंटा लुकलुकायची. कोणतंही बटण दाबलं की गप्प. आम्हाला घड्याळाचा गजर माहीत होता, नाही असं नाही. पण गजर पहाटे होतो. भर दुपारी अडीच वाजता कोण कोणाला उठवतं? शिवाय त्या खेळातलं घड्याळ तेव्हा एक दाखवायचं, म्हणजे ते चुकीचं आणि मागे पडलेलं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. मग ओरडते कशाला? विचार करून आईने निकाल दिला. “भूक लागली तिले.” तिचा आवाज इतका सहज होता की कोणाला शंकाच आली नाही.

याचा उलगडा पुढच्या वर्षी मामा पुन्हा आला तेव्हा झाला. तो गजर त्याने तिकडे लावलेला होता, आणि घड्याळात वेळही तिकडचीच होती. तिकडे एक वाजतो तेव्हा इकडे अडीच. एक वाजता त्याची जेवणाची सुटी व्हायची. यंत्राच्या आवाजात भोंगा कळत नाही म्हणून तो खेळ खिशात ठेवायचा, आणि तो ओरडला की मामा डबा उघडायचा. आईने ते ऐकलं आणि उठून मामाला ताट वाढायला घेतलं. म्हणजे तो सबंध उन्हाळा रोज दुपारी आपल्या भावाच्या भुकेचीच आठवण घरात वाजत होती, आणि तिने ती बरोबर ओळखली होती.

तर भूक. आबाजींनी भुकेचे नियम केले. अडीच वाजले, बदाबाई ओरडली, की एक डाव खेळायचा. तो तिचा चारा. आबाजींना काही ते टिट्-टिट् ऐकू येत नसे. आई किंवा मी ‘वाजलं’ म्हणून त्यांच्या कानाशी सांगायचो, मग ते हात धुवून बसायचे. एरवी कोणी हात लावायचा नाही. “मांगितल्याबिगर चारू नका,” ते बजावत. “लाडावते.” मला गणितात किती गुण मिळाले हे माहीत नसलेल्या आबाजींना काल किती पिल्लं सुखरूप गेली ते तोंडपाठ असे.

आणि मग ऐन नवतप्यात ते झालं. मी बदाबाईला खिडकीच्या कडेला, कूलरच्या बाजूच्या फटीत ठेवलं होतं. तिथे ऊन यायचं हे ध्यानातच आलं नाही. अडीचला टिट्-टिट् ऐकू आलं म्हणून उचलायला गेले तर काच सगळी काळी. बदकीण नाही, पिल्लं नाहीत, मांजर नाही. नुसती डांबरासारखी काळी काच. आणि आतून आवाज येतच होता.

मी रडायला लागले. आबाजी बाजेवरून उठले, काच डोळ्यांशी धरली आणि उलटीसुलटी करून पाहिली. आईने हात लावून पाहिलं. “बाप्पा! तव्यासारखी तापली. ऊन लागलं तिले, मामाजी.” मग आमच्या घरात ऊन लागलेल्या माणसाचं जे जे करत ते सगळं सुरू झालं. माठाला लागून फडक्यावर निजवलं, उशाशी कांदा ठेवला, आबाजींनी पंख्याने वारा घातला. आईने कैरीचं पन्हंसुद्धा केलं. बदाबाई ते पिऊ शकत नाही हे ध्यानात आल्यावर तिने ते आम्हाला पाजलं. तासाभरात काचेच्या एका कोपऱ्यातून काळं ओसरलं, मग चोच दिसली, मग अख्खी बदकीण. जसं काही घडलंच नाही अशी चालत होती. आबाजींनी डोळे पुसले. घाम आला म्हणाले. नागपूरच्या मे महिन्यात कोणाला घाम येत नाही, तो आधीच वाळतो, पण आम्ही मानून घेतलं.

खूप तापलं की असल्या काचा काळ्या पडतात आणि गार झाल्या की पूर्ववत होतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. ज्यांनी तो खेळ बनवला त्यांच्या देशात बहुधा असा उन्हाळा नव्हता. त्यांनी एक साधी बदकीण पाठवली होती. तिला आजारपण नागपूरने दिलं.

संध्याकाळी बाबा कचेरीतून आले. आईने सगळं सांगितलं. आबाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “बेबी, तुह्या बापाले सांग, का बदाबाईले गार जागा पाह्यजे.” बाबांनी एक स्टूल आणून बरोबर कूलरसमोर ठेवलं. बदाबाई स्टुलावर बसली. पण तिच्याकडे कोणीतरी बघायला हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी आबाजींची बाज स्टुलाशेजारी आली. खिडकीखाली, अगदी जिथे आधी होती तिथे. ती कोणी हलवली हे या वेळी कोणी विचारलं नाही. आबाजी वाळ्याच्या वासाच्या गार हवेत आडवे झाले आणि घोरायला लागले. बाबा चहाचा कप हातात धरून ते बघत उभे होते. चहा पार निवून गेला.

तो उन्हाळा मला आठवतो तो असा. अंधाऱ्या खोलीत कवेलूच्या फटीतून पडणारे उन्हाचे रुपये. संध्याकाळी कूलरमध्ये बादल्या ओतताना पायावर सांडणारं पाणी. ओल्या वाळ्याचा वास, कच्च्या कैरीला लावलेलं तिखट-मीठ, चादरीवर वाळणाऱ्या कुरडया आणि त्या चोरून खाताना टाळूला चिकटणारा चीक. आणि या सगळ्यावर अडीच वाजताचं ते टिट्-टिट्. बाबा आणि आबाजी अजूनही माझ्यामार्फतच बोलत होते, पण निरोप लांब व्हायला लागले होते. “तुह्या बापाले सांग, का आज एकही पिल्लू नाही गेलं.” “आबाजीले सांग, का शाबास.” हा निरोप मात्र मी धावत पोचवला.

माझी मात्र पंचाईत झाली होती. ऊन राहिलं तर आबाजी राहणार, पण बदाबाईचा जीव जाणार. ऊन उतरलं तर बदाबाई वाचणार आणि आबाजी जाणार. सकाळी ओट्यावर उभं राहून आभाळाकडे नेमकं काय मागावं हे मला कळेनासं झालं.

मी काय मागते याच्याशी आभाळाला देणंघेणं नव्हतं. ऊन उतरलं. पावसाचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत, मला त्या वर्षी तो मेला नको होता. शाळा सुरू झाल्या. आबाजींनी ट्रंक पुसली. पण जाण्याआधी बदाबाई कोणाच्या तरी हाती सोपवायला हवी होती, आणि आबाजींना लायक माणूस सापडेना. “तुले घाई राह्यते. तुही माय भाकरी थापता थापता खेळते, अन पिल्लं मरतेत. अन तिसऱ्याचं तं नावच नको.” तिसरा म्हणजे बाबा. असा एक आठवडा गेला, मग दुसरा. मला वाटलं, टळलं.

मग बदाबाई फिकी पडायला लागली. आधी पिल्लं पुसट झाली, मग मांजर. टिट्-टिट् बारीक झालं. आईने पुन्हा कांदा ठेवला, मग कंटाळून विचारलं, “मामाजी, थोडं ऊन द्यावं काय आता?” आबाजींनी मान हलवली. “वय झालं तिचं,” ते म्हणाले. “मी असतानाच जाऊ दे. मंग मीबी जातो.” त्यांनी ते अगदी शांतपणे म्हटलं. बाबा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आबाजींचा डोळा लागू दिला, मग पायात चपला घातल्या, बदाबाईला रुमालात गुंडाळलं आणि सायकल काढली.

ते सीताबर्डीवर दुकानांमागून दुकानं हिंडले. तसल्या बटणाएवढ्या सेलला तेव्हा कोण विचारत होतं? शेवटी एका घड्याळवाल्याकडे मिळाले. बाबा भिजून घरी आले, पण रुमाल कोरडा होता. बदाबाई काळीभोर, टवटवीत. आबाजी उठले, काच बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. “कोणं केलं?”

“बाबांनी,” मी म्हणाले.

“हं,” आबाजी म्हणाले.

पण सेल बदलले की आतलं घड्याळ सगळं विसरतं, हे बाबांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस दडी मारून बसला होता, उकडत होतं, कूलर चालू होता. अडीच वाजले. आबाजी हात धुवून बसले. काही वाजेना.

“बेबी, वाजलं काय?”

“नाही, आबाजी.”

आईने पोळपाटावरून मान वळवून पाहिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तीन वाजून गेले. आबाजी स्टुलाकडे बघत होते. बदकीण मजेत चालत होती. तिला काही नको होतं.

“तिले भूकच नाही राहिली,” आबाजी म्हणाले. “चांगली झाली ते. आता तिले माणूस नाही लागत.” ते उठले, ट्रंक ओढली आणि वाळलेलं धोतर घडी करायला लागले. “बेबी, तुह्या बापाले विचार, काटोलची गाडी किती वाजता राह्यते.”

मी आतल्या खोलीत गेले. बाबा पडद्यामागेच उभे होते, बनियनवर. त्यांनी ऐकलं होतं. मी काही विचारायच्या आत त्यांनी मला हाताने थांबवलं, घसा खाकरला, आणि पडद्याला तोंड लावून म्हणाले, “टिट्-टिट्. टिट्-टिट्.”

आईचं लाटणं थांबलं. आबाजी धोतराचं टोक जुळवत होते, त्यांना काही पत्ता नव्हता. आईने हात वर करून खूण केली, अजून मोठ्यानं. “टिट्-टिट्! टिट्-टिट्!” शेजारच्या काकू ओट्यावरून डोकावल्या. “काय वं, पाखरू घुसलं काय घरात?”

“हौ,” आई म्हणाली, “मोठं हाय.”

मग माझ्या बाबांनी, जे साहेबासमोर शिंकसुद्धा गिळत, छाती भरून श्वास घेतला आणि असे ओरडले की कवेलूवरचे कावळे उडाले. “टिट्! टिट्! टिट्! टिट्!”

आबाजींचा हात थांबला. त्यांनी स्टुलावरच्या बदाबाईकडे पाहिलं. मग पडद्याकडे. पडद्याखाली बाबांचे पाय दिसत होते. आबाजी त्या पायांकडे बघत राहिले.

“काहून बोंबलून राहिला गा?” ते म्हणाले. “बहिरा नाही मी.”

कूलर बसल्यापासून त्यांनी बाबांशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. पडदा हलला. बाबा बाहेर आले, कान लाल, नजर खाली. “भूक लागली तिले,” ते म्हणाले. मध्ये मी उभी होते, पण या वेळी माझी गरज नव्हती.

“लागली असन तं चार मंग. मले काय सांगतं?” आबाजींनी पायाने ट्रंक बाजेखाली लोटली, पाय आखडून घेतले आणि बाजेवर जागा केली. “बस इथं. इथं हवा बरी येते.”

बाबा बसले. त्यांनी आयुष्यात असलं बटण दाबलेलं नव्हतं. मांजराने पटापट पिल्लं उचलली. “बाप्पा, बाप्पा!” आबाजी ओरडले, “असा चालवतं काय तू कचेरी?” आणि दोघं हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, अगदी एकसारखे. आई पोळपाटाकडे तोंड करून बसली होती. तिच्या पोळीचा त्या दिवशी नकाशा झाला. त्यानंतर ती ट्रंक काही पुन्हा बाहेर निघाली नाही. आबाजी शेवटपर्यंत आमच्याकडे राहिले, आणि रोज दुपारी अडीच वाजता बाबा घरी असले की बाबा ओरडत, नसले की मी.

ओवीचा फोन संध्याकाळपर्यंत गार झाला. वीज आली, कूलर सुरू झाला. मनीने डोळे उघडले आणि दुधासाठी म्यांव म्यांव लावलं. ओवी पणजोबांच्या खुर्चीमागे फोन धरून उभी राहिली. त्यांना काही ऐकू येईना. ती कंटाळली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या कानात सांगितलं काय करायचं ते. तिने छाती भरून श्वास घेतला आणि बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “टिट्! टिट्!”

बाबा दचकले नाहीत. समोर कूलरकडे बघतच होते.

“बहिरा नाही मी,” ते म्हणाले, आणि ओवीला बसायला जागा करून दिली.